टर्बो गेला म्हणजे नेमके काय गेले?

गाडीने १,४०,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडल्यावर काही आठवड्यांनी तिच्या डिझेल इंजिनाच्या आवाजात एक बारीक शीळ मिसळू लागली. सुरुवातीला ती तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की ऐकू येई आणि पाय उचलला की विरून जाई. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या झोताने फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र. त्याच्या गाडीला थोडी शीळ असायचीच, अशी समजूत करून घेऊन मी तिच्याकडे दुर्लक्ष केले. मग एका लांब चढावर, गाडीत चार माणसे आणि सामान असताना, पिकअप एकदम गेला, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि उरलेला चढ दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत चढावा लागला. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की काही काळ ती नीट चाले आणि जरा जोर लावला की परत तेच. मेकॅनिकने स्कॅनर लावला, पी ०२९९ हा कोड पाहिला आणि बॉनेट पुरते उघडायच्या आधीच निकाल दिला, “टर्बो गेलाय मॅडम, नवा टाकावा लागेल.”

कोड खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ इतका सरळही नव्हता. इंजिनाच्या संगणकाने हवेचा जेवढा दाब मागितला तेवढा त्याला मिळाला नाही, इतकेच तो कोड सांगतो. दाब कमी पडण्याचे कारण टर्बो असू शकते, तसेच टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागापर्यंत, आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारा एखादा फाटलेला होज पाइप, सैल झालेली क्लिप, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा, पण उघडाच अडकून राहिलेला ईजीआर व्हॉल्व, तडकलेली व्हॅक्यूमची नळी किंवा खुद्द दाब मोजणारा सेन्सरही असू शकतो. हे सगळे एकेक करून तपासायला तयार असलेला दुसरा मेकॅनिक मी शोधला आणि त्याने अर्ध्या तासात इंटरकूलरच्या होज पाइपच्या खालच्या अंगाला एक चीर दाखवली. पाइप आपल्या जागी असताना ती दिसत नव्हती. दोन्ही हातांनी पाइप वाकवल्यावर मात्र ती ओठांसारखी उघडली. आत दाब आला की ती अशीच उघडत असणार, म्हणून फक्त जोर लावतानाच पिकअप जात होता. पाइप बदलला, कोड काढून टाकला, चढावर गाडी पूर्वीसारखी ओढू लागली आणि एका रबरी नळीवर भागले म्हणून मी खूश झाले.

तो आनंद आठवडाभर टिकला. शीळ कमी झाली होती पण गेली नव्हती, आणि आता ती पोलिसांच्या सायरनसारखी, वेगाबरोबर चढत जाणारी झाली होती. सिग्नलला मिनिटभर थांबून गाडी पुढे काढली की आरशात निळसर धूर दिसू लागला. डिपस्टिकवर ऑइलची पातळी दोन आठवड्यांत खुणेच्या खाली गेली. दुसऱ्या मेकॅनिकने यावर जे सांगितले ते मला आधी पटले नाही, पण ते बरोबर होते. होज पाइपची चीर आणि टर्बोचे दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी नसून पहिलीने दुसरीला हातभार लावला असावा, असे त्याचे म्हणणे होते. पाइपमधून हवा गळत राहिली की मागितलेला दाब भरून काढण्यासाठी संगणक टर्बोला अधिकाधिक वेगाने फिरवत राहतो. मोटारीतला छोटा टर्बो धड असतानाही जोरात चालवल्यावर मिनिटाला १,००,००० फेऱ्यांच्या पुढे जातो, आणि काही टर्बो २,००,००० फेऱ्यांपर्यंतही पोचतात. अशा ठिकाणी वरचा आणखी थोडा वेगही परवडणारा नसतो. मी महिनाभर जी शीळ कानाआड केली होती, तिच्यामागे हेच चालले असावे.

टर्बोच्या तोंडाचा हवेचा पाइप काढून आत बोट घालून पाहण्याची परीक्षा त्याने मला स्वतःच्या हाताने करायला लावली. इंजिन थंड होते. आत ॲल्युमिनियमचे कॉम्प्रेसरचे, म्हणजे हवा दाबणारे, चाक होते, आणि त्याच्या मधल्या नटाला चिमटीत धरून आधी बाजूला, मग आतबाहेर हलवून पाहायचे होते. बाजूला थोडे हलणे दोष नव्हे, हे मला तेव्हाच कळले. टर्बोचा शाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो ती ऑइलच्या पातळ थरावर तरंगणारी असतात, आणि इंजिन बंद असताना तो थर नसल्यामुळे शाफ्टला थोडी मोकळीक राहतेच. अनेक चांगले टर्बो केवळ या हलण्यावरून ‘प्ले आहे’ म्हणून बाद केले जातात. आतबाहेरची हालचाल मात्र बोटाला जाणवताच कामा नये, कारण तिथली मुभा मिलिमीटरच्या एक दशांशाच्याही आतली असते. माझ्या बोटाला ती स्पष्ट जाणवली, टक् असा आवाजही आला. शिवाय चाक बाजूला दाबून फिरवले की पात्यांची टोके भोवतीच्या आवरणाला घासत होती, आणि विजेरीच्या उजेडात त्या टोकांची कड चकाकताना दिसत होती. टर्बो आजारी होता, याबद्दल आता शंका उरली नाही.

तरीही टर्बो काढण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहायला हवी होती, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. ‘टर्बोची सील गेली, म्हणून ऑइल येते’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात टर्बोच्या शाफ्टवरची सील ही रबराची वॉशर नसते. ती पिस्टनच्या रिंगेसारखी धातूची बारीक रिंग असते आणि ती एकटी ऑइल अडवून धरत नाही. दोन्ही चाकांच्या बाजूला असलेला हवेचा आणि धुराचा दाब ऑइलला आत ढकलून ठेवतो, आणि बेअरिंगांतून गेलेले ऑइल खालच्या जाड नळीतून केवळ आपल्या वजनाने सम्पकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याकडे, उतरते. ती परतीची नळी तुंबली, किंवा इंजिनाच्या पिस्टन-रिंगा झिजून क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातच, दाब वाढला, तर ऑइलला उतरायला वाट राहत नाही आणि ते धडधाकट सीलमधूनही बाहेर पडते. अशा गाडीला कितीही नवा टर्बो लावला तरी तो पहिल्या दिवसापासून ऑइल गाळणार. म्हणून आम्ही इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल केले. वाफेचा हलका श्वास येत होता, धक्के मारणारे फुत्कार नव्हते. ही वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी मोकळी होती. स्कॅनरवर डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, दोन बाजूंच्या दाबातला फरकही वाजवी होता, म्हणजे धूर पुढे अडून टर्बोच्या मागे दाब साचत नव्हता. इंजिन स्वतः ठीक आहे, हे कळल्यावरच पुढच्या खर्चाचा विचार करण्यात अर्थ होता. ते थकलेले निघाले असते, तर प्रश्न टर्बोचा न राहता गाडीचाच झाला असता.

त्या दिवसापासून गाडी चालवणे मी बंद केले. डिझेल इंजिनात टर्बोने मोठ्या प्रमाणावर ऑइल हवेच्या मार्गात ओतले, तर इंजिन तेच ऑइल इंधन म्हणून जाळू लागते, आपोआप वेग धरते आणि चावी बंद केल्यानेही थांबत नाही, कारण त्याला लागणारे इंधन आता टाकीतून येत नसते. मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये घालून, ब्रेक दाबून क्लच सोडून इंजिन बंद पाडता येते, पण ही वेळ येऊच नये. ‘अजून दोन महिने चालेल’ हा सल्ला मला दोघांनी दिला, आणि दोघांच्याही गाड्या पेट्रोलच्या होत्या, हे इथे नमूद केले पाहिजे.

टर्बो उतरवून एका टर्बोच्याच कामाच्या वर्कशॉपमध्ये नेला. तो टेबलावर उघडताना मी समोर उभी होते आणि दुरुस्ती की बदली या प्रश्नाचे खरे रूप मला तिथे पहिल्यांदा दिसले. तोवर टर्बो ही माझ्या लेखी एक वस्तू होती, जी एक तर चालते किंवा जाते. प्रत्यक्षात तो तीन-चार वेगवेगळ्या नशिबांच्या भागांचा जोड आहे. एका बाजूला धुराच्या वाटेचे ओतीव लोखंडी आवरण, दुसऱ्या बाजूला हवेचे ॲल्युमिनियमचे आवरण, मध्ये शाफ्ट, दोन चाके, बेअरिंग आणि सील यांचा गाभा, ज्याला या व्यवसायात कार्ट्रिज किंवा कोअर म्हणतात, आणि माझ्या गाडीच्या टर्बोत त्याखेरीज धुराच्या झोताची दिशा बदलणारी छोट्या पात्यांची एक फिरती कडी, जी ॲक्च्युएटर नावाच्या, व्हॅक्यूमवर दांडी ओढणाऱ्या डबीने हलते. यांपैकी काय गेले, यावर उत्तर ठरते.

कारागिराने शाफ्ट पुसून दिव्याखाली धरला. टर्बाइनच्या, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चाकाच्या, बाजूला, बेअरिंग जिथे बसते तिथे, तो निळसर-जांभळा झाला होता. तापलेल्या पोलादावर चढतो तसा रंग. “ओरखडे नाहीत, नुसता रंग आहे,” तो म्हणाला आणि तुलनेसाठी त्याने टेबलाखालच्या डब्यातून दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा शाफ्ट काढून माझ्या हातात दिला. त्याच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल गोल रेघा होत्या आणि त्यांत नख अडकत होते. तो शाफ्ट घाणेरड्या ऑइलने मेला होता, ऑइलमधले कण बेअरिंगमध्ये दळले गेल्यामुळे. माझा ऑइल न मिळाल्यामुळे मेला होता. दोन्ही गाड्यांची तक्रार एकच असणार, शीळ आणि धूर, पण दुरुस्तीनंतर काय काय बदलायचे याची यादी मात्र दोघांची निराळी.

ऑइल का मिळाले नाही, हे त्याने मला न सांगता दाखवले. इंजिनाकडून टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक पोलादी नळी आम्ही सोबत नेली होती. बाहेरून तिच्यात काहीच वावगे नव्हते, फुंकर मारली तर हवाही जात होती. त्याने ती करवतीने वाकणाजवळ कापली. आतल्या भिंतीवर काळ्या, कडक कोळशाचा थर बसला होता आणि मधले भोक पेन्सिलीतल्या शिशाएवढे उरले होते. हमरस्त्यावरून वेगात येऊन लगेच इंजिन बंद करण्याची माझी सवय यामागे होती. तापलेल्या टर्बोलगतच्या नळीत अडकलेले ऑइल तिथेच शिजते आणि त्याचा कोळसा होतो. त्यात मी एकदा ऑइल बदलण्याचे ठरलेले अंतर जवळपास दीडपट लांबवले होते. पहिल्या मेकॅनिकचे ऐकून मी नवाकोरा टर्बो लावला असता आणि ती नळी ‘चांगली आहे’ म्हणून तशीच ठेवली असती, तर त्या नव्या टर्बोचेही हेच झाले असते, आणि दोष मी कंपनीला दिला असता.

आता पर्याय. सर्वांत स्वस्त होता बेअरिंग आणि सीलचे किट टाकून जुना शाफ्ट परत वापरण्याचा. तो निळा पडलेला शाफ्ट पाहिल्यावर हा पर्याय बाद झाला. तापून रंग बदललेल्या शाफ्टच्या पोलादाचा मूळचा कडकपणा टिकला असेल याची खात्री नसते, आणि टर्बाइनचे चाक शाफ्टला वेल्ड केलेले असल्यामुळे एक बदलायचे तर दोन्ही बदलावे लागतात. शिवाय किटच्या कामात समतोलाचा प्रश्न फार नाजूक असतो. कॉम्प्रेसरच्या नटावर आणि चाकाच्या नाकावर घासून काढलेल्या छोट्या खाचा कारागिराने दाखवल्या. कारखान्यात समतोल साधताना वजन असे कणाकणाने कमी केलेले असते. जोड सोडून परत बसवला की तो हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि त्यासाठी संपूर्ण गाभा प्रचंड वेगाने फिरवून कंप मोजणारे यंत्र हवे. ज्याच्याकडे ते यंत्र नाही त्याने किट टाकलेला टर्बो काही हजार किलोमीटर चालतोही, पण तो नशिबावर चालतो.

दुसरा पर्याय होता आधीच समतोल साधलेले संपूर्ण नवे कार्ट्रिज आणि माझीच आवरणे. तिसरा, जुना टर्बो जमा करून त्या बदल्यात कारखान्यातून नूतनीकरण होऊन आलेला घेण्याचा. आणि चौथा, गाडीच्या कंपनीचा संपूर्ण नवा. पाचवा म्हणायचा तर एका दुकानदाराने सुचवलेला बिननावाचा नवा टर्बो, ज्याचा खर्च कार्ट्रिजपेक्षा थोडाच जास्त होता. या पाचव्याचा मोह मला सर्वांत जास्त झाला, कारण ‘नवा’ या शब्दाची भुरळ मोठी असते. पण डिझेलच्या धुराचे तापमान जोरात चालवताना ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते, आणि त्या आगीत फिरणारे टर्बाइन निकेलच्या विशेष मिश्रधातूचे असावे लागते. बिननावाच्या खोक्यातल्या चाकाचा धातू कोणता, हे विचारायची सोयच नव्हती. माझ्या मते विश्वासू कारागिराने चांगल्या कार्ट्रिजने दुरुस्त केलेला जुना टर्बो अशा नव्यापेक्षा केव्हाही बरा.

कार्ट्रिज की संपूर्ण नवा, हे आवरणांवर अवलंबून होते. लोखंडी आवरणाच्या आत, जिथे धुराची वाट चाकाकडे वळते त्या जिभेसारख्या कडेवर, केसासारख्या दोन भेगा होत्या. अशा भेगा उष्णतेने बऱ्याच टर्बोंत पडतात आणि काही मर्यादेपर्यंत चालतात. तीच भेग बाहेरच्या भिंतीत किंवा फ्लँजच्या बोल्टपर्यंत गेली असती तर आवरण भंगारात आणि निर्णय नव्या टर्बोचा. हवेच्या आवरणात पात्यांनी घासल्याची चकाकी होती. कारागिराने मला त्यावरून नख फिरवायला सांगितले, आणि ते कुठेही अडले नाही. तिथे खोबण पडली असती तर पाती आणि आवरण यांतली फट वाढून नवे कार्ट्रिजही पुरेसा दाब देऊ शकले नसते. दोन्ही चाकांची सगळी पाती मोजली, एकही तुटलेले नव्हते. हे महत्त्वाचे, कारण पाते तुटले असते तर त्याचा तुकडा कुठे गेला, हे शोधत इंजिनापर्यंत जावे लागले असते.

अडचण निघाली ती पात्यांच्या कडीत. हातपंपाने ॲक्च्युएटरला व्हॅक्यूम दिल्यावर त्याची दांडी सुरळीत सरकायला हवी होती. ती निम्म्यापर्यंत छान आली, तिथे अडली आणि मग झटक्याने पुढे गेली. काजळी साफ केल्यावर अडणे थांबले, पण पात्यांच्या खाचा झिजून सैल झाल्याचे त्यामुळे उघडे पडले. म्हणजे दुरुस्तीत कडीही नवी घ्यायची, आणि ती बसवल्यावर पाती जास्तीत जास्त मिटलेली असताना किती हवा आत गेली पाहिजे, हे प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर लावून घ्यायचे. हे सेटिंग एका सीलबंद स्क्रूवर असते आणि डोळ्यांच्या अंदाजाने जमत नाही. कार्ट्रिज बदलूनही ‘गाडीत दम नाही’ अशी तक्रार पुष्कळदा याच स्क्रूमुळे येते.

कडीची भर पडल्यावर दुरुस्तीचा खर्च नूतनीकरण केलेल्या टर्बोच्या जवळ गेला आणि मी दोन दिवस निर्णय लांबवला. नूतनीकरण केलेला घेतला असता तर काम लगेच झाले असते आणि वॉरंटीही थोडी जास्त होती. पण त्यात माझी आवरणे जाऊन दुसऱ्या कुठल्या गाडीची, जिचा इतिहास मला ठाऊक नाही अशी आवरणे आली असती. या बाजूला, माझ्या टर्बोचे कारण आणि अवस्था मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि वर्कशॉपकडे दोन्ही यंत्रे होती. कंपनीचा नवा टर्बो मी अशा वेळी घेतला असता की गाडी आणखी आठ-दहा वर्षे ठेवायची आहे किंवा आवरण फुटलेले आहे. मला ती तीन-चार वर्षेच वापरायची होती. मी दुरुस्तीला हो म्हणाले, मात्र समतोल आणि प्रवाह या दोन्ही चाचण्यांचे कागद हातात मिळाल्याशिवाय टर्बो गाडीला लागणार नाही, ही अट घातली. कारागिराला त्या अटीचा राग आला नाही. राग आला असता तर मी टर्बो उचलून परत आणला असता.

बसवण्याच्या कामाला टर्बोच्या कामाइतकाच वेळ गेला. ऑइलची नळी नवी घेतली, तिच्या बोल्टमधली बारीक जाळीही बदलली, सम्प उतरवून पंपाची जाळी साफ केली, ऑइल आणि दोन्ही फिल्टर नवे टाकले. इंटरकूलर उलटा केला तेव्हा त्यातून पेलाभर काळे ऑइल निघाले आणि त्यात ॲल्युमिनियमची चमचमणारी भुकटी होती, माझ्याच चाकाच्या कडांची. तो आतून धुऊन पूर्ण वाळवला. तसाच लावला असता तर ते सगळे पहिल्याच चढावर इंजिनात गेले असते. मेकॅनिकच्या हाताखालचा मुलगा ऑइलच्या फ्लँजला सिलिकॉन लावायला निघाला होता, त्याला मेकॅनिकनेच थांबवले. दाबल्यावर आत पिळून निघालेला सिलिकॉनचा तुकडा सुटून ऑइलची वाट बंद करू शकतो, म्हणून तिथे नुसते गॅस्केट.

सुरू करण्याआधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओतून चाक बोटाने दहा-बारा वेळा फिरवले. मग इंधन तोडून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवले. परतीची नळी अजून जोडलेली नव्हती, तिच्या तोंडाशी धरलेल्या डब्यात ऑइलची धार पडेपर्यंत हे चालले होते. ती धार पडू लागेपर्यंत दोघांपैकी कोणी बोलले नाही. नळी जोडून इंजिन चालू केले आणि ॲक्सिलरेटरला हात न लावता पाच मिनिटे तसेच ठेवले. सायलेन्सरमध्ये साठलेले जुने ऑइल जळून पहिले अर्धा तास पांढरट-निळा धूर येत राहिला, त्याची कल्पना मला आधीच दिलेली होती, नाहीतर मी घाबरले असते.

१,००० किलोमीटर झाल्यावर हवेचा पाइप पुन्हा काढून घेतला. आत बोट फिरवले तर हलका ओशटपणा लागला, जो ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेचा असतो आणि असायचाच. नट चिमटीत धरून बाजूला हलवला, थोडा हलला. आतबाहेर ओढून पाहिला, बोटाला काही जाणवले नाही. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेलाच होते. शीळ अजून ऐकू येते, पण ती दुरुस्तीनंतरच्या पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे, आणि आता मी हमरस्त्यावरून आले की इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिटभर गाडीतच बसून राहते.